आक्काने बघितलेला नकाशा

मी आज जो कोणी आहे तो माझ्या थोरल्या बहिणीमुळे. तिचं नाव सुभद्रा, आम्ही तिला आक्का म्हणायचो. आई गेली तेव्हा मी चौथीत होतो आणि आक्का सतरा वर्षांची. तिची स्वतःची शाळा दुसरीतच सुटलेली. वेंगुर्ल्याच्या काजूच्या कारखान्यात बसून तिने काजू फोडले, मला हायस्कूलला घातलं, मग कॉलेजला. लग्नाचा विषय निघाला की ती उठून आत जायची. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी. बी.कॉम.चा निकाल सांगितला तेव्हा तिने एवढंच विचारलं होतं, "आता संपला मां? की अजून आसा?"

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता. कोकणात देवचाराच्या गोष्टी ऐकतच मोठा झालो, पण सांगणाऱ्याने स्वतः कधी काही पाहिलेलं नसायचं. म्हणून आधीच सांगतो... मीही स्वतः काही पाहिलेलं नाही. मला जे सांगितलं गेलं आणि मी टेप धरून जे मोजलं, तेवढंच लिहितो.

गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या शेवटाकडची. आम्ही भांडुपला चाळीत राहायचो – मी, बायको वैशाली आणि लहान मुलगी. कांदिवली पश्चिमेला, चारकोपला, सरकारी योजनेत मला छोटा प्लॉट लागला. रुंदी जेमतेम बारा फूट. त्यावर आपलं आपण घर बांधायचं. ऑफिसातला माझा मित्र साटम पूर्वी एका आर्किटेक्टकडे ड्राफ्ट्समन होता. त्याने नकाशा काढून दिला. त्यात मागे पाच बाय आठची एक खोली मी हट्टाने काढून घेतली होती. ती आक्काची. तिला कायमचं मुंबईला आणायचं, तिच्या हातातला तो कारखाना सोडवायचा, हे माझं नोकरी लागल्यापासूनचं ठरलेलं होतं. ती मात्र दर वेळी म्हणायची, तुमच्या त्या दहा बाय दहात मी कुठे मावणार?

नकाशाची निळी प्रत घरी आणली आणि चाळीत बातमी पसरली. संध्याकाळी जमिनीवर कागद पसरायचा, चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवायच्या, आणि येईल त्याचं मत ऐकायचं. खालच्या मजल्यावरचे तात्या नकाशात घरातच संडास बघून जेवणाचं आमंत्रण आधीच नाकारून बसले. वैशालीला ओटा खिडकीखाली हवा होता. आणि जिना आत घ्या, उद्या वर मजला चढवायचा झाला तर बरं पडेल, हे तर सगळ्यांनीच सांगितलं. मला शिकल्या-सवरलेल्या माणसांच्या सल्ल्याचा फार आदर. मी प्रत्येकाचं ऐकलं. साटम दर आठवड्याला खोडायचा आणि काढायचा.

आत घेतलेल्या जिन्याने मागच्या खोलीतले सव्वातीन फूट खाल्ले. कागदावर ती खोली बोटाच्या पेराएवढी होती, आधीही आणि नंतरही. मला काही खटकलं नाही. फक्त साटमने तिच्यावर लिहिलेलं 'खोली' खोडून 'स्टोअर' लिहिलं, तेव्हा मी विचारलं.

"एवढ्याशा मापाला खोली लिहिलं तर प्लॅन पास होत नाही रे," तो म्हणाला. "स्टोअर लिहू. मग तुझ्या घरात तू हत्ती बांध ना."

मी हसलो. तीच प्रत पोस्टाने आक्काला पाठवली. सोबत लिहिलं, मागची खोली तुझी, नकाशा नीट बघ आणि काय बदलायचं ते कळव.

आक्काची पत्रं कारखान्यातले कारकून परबभाऊ वाचून दाखवायचे आणि उत्तरंही तेच लिहायचे. पंधरा दिवसांनी उत्तर आलं. न्हाणीचं दार चुलीसमोर येतंय ते बरं नाही. पुढच्या दाराला उंबरा ठेव. ओट्यावर उजेड पडेल, ते चांगलं. मुलीला अभ्यासाला कोपरा कुठे आहे? माझं इथे ठीक चाललंय, मी काही तिकडे येत नाही.

मी ते पत्र चाळीत सगळ्यांना कौतुकाने वाचून दाखवलं. दुसरी शिकलेली माझी बहीण नकाशा कसा वाचते बघा, म्हणून. न्हाणीचं दार मी लगेच बदलून घेतलं. वैशाली म्हणाली, "दार बदललंत, पण त्या येत नाही म्हणतायत, त्याचं काय?" मी म्हटलं, ती नेहमीच तसं म्हणते, घर उभं राहिलं की येईल. आक्काने घरातल्या एकूण एक गोष्टीवर मत दिलं होतं आणि एका खोलीबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

पुढच्या रविवारी मी आणि साटम प्लॉटवर गेलो. खुंट्या ठोकून, दोरी लावून, चुन्याच्या फक्कीने सगळं घर जमिनीवर आखलं. दारांच्या जागी रेघ मोकळी सोडली. पाया पंधरा दिवसांनी खणायचा होता.

त्याच्या पुढच्या रविवारी मी आखणी तपासायला एकटाच गेलो. शेजारच्या प्लॉटवर जाधववहिनींचं घर उभं राहिलेलं होतं. बाई साताऱ्याकडच्या, तोंडाने फटकळ पण मायाळू. मला बघताच ओट्यावर आल्या.

"काय हो, बहिणीला एकटीलाच पाठवून दिलं व्हय उन्हातान्हात?"

मला वाटलं, दुसऱ्याच कुणाबद्दल बोलतायत. मग त्यांनी सविस्तर सांगितलं. गुरुवारी भर दुपारी एक बाई आली. उंच, हडकुळी, बोटांची टोकं जळल्यासारखी काळी. रेघा कुठेही न तुडवता पुढच्या दारातून आत गेली. दारात पाय जरा उचलून टाकला, उंबरा असावा तसा. एकेका चौकोनात उभी राहिली, मान हलवली. मग अगदी मागे जाऊन जमिनीवर आडवी झाली. वहिनी घाबरल्या, ऊन लागलं की काय म्हणून पाणी घेऊन गेल्या. बाई भांड्याला तोंड न लावता वरून पाणी प्याली आणि म्हणाली...

वहिनींनी ते शब्द जसेच्या तसे म्हणून दाखवले. "ह्यां माझ्या भावाचां घर. बरां आसा. पण पाय सोडूक जागा नाय."

वहिनी भांडं ठेवायला आत गेल्या आणि परत आल्या तेव्हा ती निघून गेलेली होती. रस्त्याला लागली असेल, असं त्यांना वाटलं.

माझी आक्का मुंबईत कधीच आलेली नव्हती. कारखान्यातल्या काजूच्या चिकाने तिची बोटं कशी झाली आहेत, हे वैशालीखेरीज मी इथे कुणाला सांगितलेलं नव्हतं.

मी मागच्या चौकोनात गेलो. सगळीकडे रेघा धड होत्या, तिथली एक मात्र दोन ठिकाणी पुसली होती. टाचा टेकाव्यात तशी. मी टेप लावला. जिना सोडून पावणेपाच फूट. आक्का पाच फूट चार इंच. मग मीही तिथेच आडवा झालो. भर दिवसा, वहिनींच्या देखत. गुडघे पोटाशी घेतल्याशिवाय मला त्या खोलीत मावता येईना. तीन महिने मी जो नकाशा जगाला दाखवत हिंडलो, त्यात माणूस झोपवून मी एकदाही बघितलं नव्हतं.

सोमवारी ऑफिसात साटमशी बोललो आणि घरी येताना आक्काला पत्र टाकलं. शनिवारी तार आली, आक्का गंभीर. वेंगुर्ल्याच्या एसटीत मी रात्रभर उभा होतो आणि तरीही उशीर झाला. छातीचं दुखणं होतं. वर्षभर होतं, म्हणे. बाबूच्या घराचं काम निघालंय, त्याला आता काही कळवू नका, असं तिने सगळ्यांना बजावून ठेवलं होतं.

परबभाऊंना मी त्या गुरुवारबद्दल विचारलं. आक्का कामावर होती. दिवसभर, आपल्या रांगेत, सगळ्या बायांच्या डोळ्यांसमोर. दुपारच्या सुट्टीत पडवीत जरा निजली होती. उठवली तर म्हणाली, पाय आकडलेत, आणि बराच वेळ चोळत बसली.

मग परबभाऊ खाली मान घालून म्हणाले, "चूक माझी झाली. मागच्या खोलीवर काय लिहिलाहा म्हणून तिने विचारल्यान. मी वाचून दाखवलंय. स्टोअर."

आक्काच्या कारखान्यात स्टोअर होतं. रिकामी पोती टाकायची, बिनखिडकीची खोली. तो शब्द तिला नीट ठाऊक होता. त्याबद्दल काही लिहू का, असं परबभाऊंनी विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, शिकलेला आसा तो, त्याने विचार करूनच लिहिलेला असतला.

माझं पत्र ती गेली त्या दुपारी पोचलं. परबभाऊंनी ते न फोडता माझ्या हातात दिलं.

गुरुवारी चारकोपला कोण आलं होतं, याचा उलगडा मला आजवर झालेला नाही. साटम म्हणतो, वहिनींना कुणी दुसरीच मालवणी बाई भेटली असेल. असेल. वैशाली म्हणते, जिवाची ओढ असते. तेही असेल. मला दोन्ही पटत नाही आणि दोन्ही खोडताही येत नाही. घर झालं, त्यात आम्ही राहतो. ते पत्र मी जपून ठेवलं आहे. ते असं...

ती. आक्कास,
शिरसाष्टांग नमस्कार.

तू घर बघून गेलीस, असं शेजारच्या वहिनी म्हणाल्या. कशी आलीस ते विचारत नाही. मी घरी असायला हवं होतं.

मागची खोली लहान झाली, ती माझी चूक. मी सगळ्यांना विचारलं आणि तुला सगळ्यांच्या शेवटी विचारलं. आता जिना बाहेर काढायला सांगितलाय. तुझी खोली पुढे घेतो, रस्त्याकडच्या खिडकीची. आम्ही मागे झोपू. नकाशावर तिथे तुझं नाव लिहायला सांगितलंय, पास होवो न होवो.

साडेसहा फुटांची खाट धरून मोजलंय. त्यापुढेही हातभर जागा उरते. तरी तू ये आणि एकदा निजून बघ. पाय पुरते सोडून बघ. कमी वाटलं तर लाजू नकोस, सांग. अजून भिंत कुठेच नाही, आक्का. नुसती फक्की आहे. हवी तिथली रेघ तू पायाने पूस, मी मागाहून आखून घेईन.

तुझा,
बाबू