दिलीपच्या हार्डडिस्कमधले अकरा उंट

दिलीप मयेकर गेल्याची बातमी कुवेतच्या मंगफ भागात सगळ्यांत आधी मला कळली, आणि तिथेच घोटाळा झाला. तो ज्या हॉस्पिटलात मशिनं दुरुस्त करायचा, तिथून सकाळी फोन आला. एक्स-रे मशीनपाशी बसल्या बसल्याच गेला म्हणाले. मी आमच्या मंडळातल्या सात जणांना फोन केले. सातांपैकी एकानेही विश्वास ठेवला नाही. "शश्या, मस्करीला काही मर्यादा असते," म्हणून जोशी डॉक्टरांनी फोनच ठेवला. चूक त्यांची नाही. बावीस वर्षं कुवेतमध्ये मी जे सांगत आलोय, त्यातलं निम्मं जरी खरं असतं तरी आज माझ्या नावाचा एखादा रस्ता असता. शेवटी माझ्या बायकोने तेच फोन पुन्हा केले, तेव्हा लोक निघाले.

दिलीपला पेटीतून त्याच्या गावी, मालवणला पाठवलं. महिन्याभराने पुण्याहून त्याच्या बायकोचा, शुभांगीवहिनींचा फोन आला. मुलीच्या, रेवाच्या कॉलेजसाठी दोघी तीन वर्षांपासून तिकडेच होत्या. "भावजी, कंपनीला फ्लॅट रिकामा करून हवाय. सामान देऊन टाका कुणाला तरी. फक्त कॉम्प्युटरमधलं सगळं पाठवा. रेवा हटून बसलीय… तिच्याकडे बाबांचा एकही व्हिडिओ नाही हो."

खरं होतं. वाढदिवस, गणपती, वाळवंटातल्या सहली… कॅमेरा कायम दिलीपच्या हातात. आमची सगळ्यांची पोटं सुटतानाचे पुरावे त्याच्याकडे वर्षवार आहेत, त्याचा मात्र कोपरसुद्धा कुठे नाही.

मी लॅब टेक्निशियन. रक्त तपासतो, डिस्क कधी तपासली नव्हती. दिलीपची डिस्क म्हातारी झालेली, दर मिनिटाला टक-टक करायची, आणि तापायची अशी की तिच्यावर आंबोळी निघाली असती. शुक्रवारी सकाळी त्याच्या फ्लॅटवर एसी फुल सोडला, डिस्क प्लॅस्टिकमध्ये गुंडाळली आणि रक्ताच्या नमुन्यांसाठी वापरतो त्या बर्फाच्या पाकिटावर बसवली. शेजारी नवी डिस्क. कॉपी सुरू. कॉम्प्युटर म्हणाला, चार तास लागतील. मग म्हणाला, एकोणीस दिवस. मग, सात मिनिटं. एवढ्या वर्षांत माझ्या तोडीचं कुणीतरी पहिल्यांदाच भेटलं.

दुपारी सगळं थांबलं. 'फाइलचं नाव फार लांब आहे, वगळायची का?' दिलीपला सवयच होती ती. हॉस्पिटलच्या मशिनांवरही तो चिठ्ठी लावायचा ती अख्ख्या वाक्यात, काय बिघडलं, कुणी बिघडवलं, का बिघडवलं. इथे फोल्डरच्या पोटात फोल्डर, आणि तळाशी ही नावं: 'शशी गाडी बंद पडल्याची गोष्ट पहिल्यांदा सांगतोय, एक उंट, तोही लांब'. 'शशी तीच गोष्ट सांगतोय, उंट चार झाले, गाडी उंटांनी ढकलली'. 'शशी, उंट अकरा, शेख स्वतः खाली उतरला, शशीची बायको उठून आत गेली'.

म्हणजे माझ्या थापांची साद्यंत नोंद त्याने ठेवली होती! 'वगळा' दाबलं असतं तर कुणाला पत्ता लागला नसता. रेवा लहानपणापासून माझी ही गोष्ट खरी मानते… आणि त्याहून वाईट म्हणजे पहिल्या व्हिडिओत मी चक्क खरं सांगतोय. सुलैबियाच्या रस्त्यावर गाडी बंद पडली आणि भर उन्हात ती दिलीपने ढकलली. चौथ्या उंटापर्यंत दिलीप गोष्टीतून गायब. मी त्याला काढून टाकला, त्याच्या देखत, आणि तो शांतपणे कॅमेरा धरून उभा.

शांतपणे कसला! कॅमेऱ्यामागून त्याचं हसणं ऐकू येतं. हातपंपासारखं हसायचा तो, आधी नुसती कोरडी घरघर, मग एकदम पाणी. मध्येच त्याचा आवाज, "वाढव मेल्या, उंटांका खंय पेट्रोल लागता!" अख्ख्या डिस्कवर दिलीप कुठे असेल तर इथेच होता, माझ्या खोटेपणात.

मग बसलो. एकेका फाइलचं नाव कापून लहान केलं, आणि मूळ नावं कागदावर उतरवून डिस्कसोबत पाठवली. ती त्याची होती. शेवटची फाइल पोचली आणि जुनी डिस्क कायमची गप्प झाली. यावर तुम्ही विश्वास ठेवणार नाही, पण हे खरं आहे.

पंधरा दिवसांनी रेवाचा फोन. "काका, आय सॉ ऑल ऑफ देम. खरं कुठलं?"

"पहिलं. गाडी तुझ्या बाबांनी ढकलली. उंट एकच होता, त्याने आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही."

मी शिव्या खायची तयारी केली.

"पण पहिल्यात बाबा हसतच नाहीयेत, काका. अकरा उंटांवाला मी रोज लावते. ही कान्ट ईव्हन होल्ड द कॅमेरा."

गेल्या शुक्रवारी सलवा भागात एकांकडे जेवण होतं. नव्याने आलेल्या दोन नर्सेस होत्या, त्यांना गोष्ट माहीत नव्हती. मी सुरुवात केली. दिलीपला परत आत घेतला, गाडी त्यानेच ढकलली. पण उंट बारा केले. बारा म्हणालो आणि थांबलो… सगळे माझ्याकडे बघत राहिले. दिलीपच्या हसण्याला घरघरीपासून पाण्यापर्यंत यायला जेवढा वेळ लागायचा तेवढा जाऊ दिला, आणि मग पुढचं सांगायला लागलो.