दोरीवर वाळत घातलेली अक्षरे

ती घटना अजूनही माझ्या डोळ्यांपुढे उभी आहे. वऱ्हाडच्या पोलीस खात्याच्या इतिहासात ती सुवर्णाक्षरांनी नोंदली जावी अशी होती. प्रत्यक्षात ती ठाण्याच्या रोजनामच्यात पेन्सिलीने नोंदली गेली. त्या आठवड्यात शाई संपली होती आणि अकोल्याहून नवी यायची होती.

तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता आणि मी हिवरखेडच्या बाजूला एका ठाण्यावर सब-इन्स्पेक्टर होतो. लोक ठाणेदार म्हणत. मूळचा मी अमरावतीचा, राजापेठेत वाढलेला. वडील शाळामास्तर. घरात पुस्तके भरपूर होती, त्यामुळे खात्यात मी थोडा संशयास्पद मानला जाई.

तो सगळा खारपाणपट्टा. विहीर खणली तर पाणी लागते, पण ते तोंडात धरवत नाही. आमच्या हद्दीतल्या एका गावात मात्र डिस्ट्रिक्ट बोर्डाने खणलेल्या विहिरीला गोडे पाणी लागले. विहीर सार्वजनिक पैशाची, तेव्हा ती सर्वांना खुली, असा सरकारी ठराव होता. ठराव नागपुरात होता आणि विहीर गावात होती. महारवाड्यातली माणसे खारे पाणी पीत होती.

त्या वस्तीतला एक तरुण मराठी सातवी पास झाला होता. त्याने ठरावाची नक्कल मिळवली, चावडीसमोर मोठ्याने वाचून दाखवली आणि येत्या सोमवारी आम्ही विहिरीवर पाणी भरणार असे जाहीर केले. हाणामारी नाही, घोषणा नाहीत, फक्त घागरी. पोलिसाला अशा शिस्तशीर माणसांची फार भीती वाटते.

रविवारी सकाळी गावचा पटवारी ठाण्यावर आला. पन्नाशीचा, वतनदार घराण्यातला, बोलणे मऊ. त्याने खबर दिली की विहिरीत कुणीतरी घासलेट ओतले आहे आणि आपल्या ओसरीवर एक पत्र सापडले आहे. पत्रात मजकूर असा : ‘मले पानी भरू देत नाई तर मी कोनालेच पिऊ देनार नाई.’ खाली त्या तरुणाचे नाव.

आम्ही गावात गेलो. पंचनामा केला. पाण्यावर तेलाचा तवंग होता. दुपारपर्यंत अर्धे गाव काठ्या घेऊन महारवाड्याच्या तोंडाशी जमले. मी जमाव पांगवला आणि तरुणाला ताब्यात घेतले. खरे सांगायचे तर मला प्रकरण सोपे वाटले. कागद होता, नाव होते, कारण होते. सर्कल इन्स्पेक्टरसाहेबांचा निरोपही आला : चांगल्या वर्तणुकीच्या जामिनाची केस करा आणि संपवा.

त्या तरुणाचे मात्र त्यात सगळेच संपणार होते. अमरावतीच्या नॉर्मल स्कुलात मास्तरकीच्या शिक्षणासाठी त्याची निवड झाली होती. आठ दिवसांत हजर व्हायचे होते आणि सोबत ठाण्याचा वर्तणुकीचा दाखला न्यायचा होता. तो दाखला देणारा मीच.

मी त्याच्यापुढे पत्र ठेवले. “हे तू लिहिलंस?”

“नाई साहेब.”

“भाषा तर तुझीच आहे.”

“बोलाची हाय. मी बोलतो ‘मले’, लिहितो ‘मला’. ‘मले’ लिहिलं असतं तं मास्तरानं हात सुजवला असता.”

“मग तुझं नाव कुणी टाकलं?”

“ज्याले वाटते का आमाले लिहिता येत नाई, त्यानं.”

उत्तर मला उद्धट वाटले. उत्तर बरोबर असले की ते बहुधा उद्धट वाटते, हे मला पुढे कळले. त्या दिवशी मी त्याला कोठडीत परत पाठवले.

आता माझ्या जमादाराविषयी सांगितले पाहिजे. तो पातूरचा मुसलमान, नोकरीत माझ्यापेक्षा वीस वर्षे जुना. उर्दू उत्तम वाचायचा, मराठी मुळीच नाही. पत्र माझ्या टेबलावर पडले होते आणि तो चहा ठेवायला आला होता. वाचता येत नसल्यामुळे तो मजकुराकडे न बघता नुसत्या कागदाकडे बघत राहिला.

“साहेब, हा माणूस मोठा हुशार दिसते.”

“का?”

“यानं आधी दोरी बांदली, मंग कपडे वाळू घातले.”

मी कागद उचलला. प्रत्येक ओळीवर या कडेपासून त्या कडेपर्यंत एकच सलग रेघ होती आणि सगळी अक्षरे तिला खालून लटकत होती. शब्द तुटला तरी रेघ तुटत नव्हती. मला एकदम वडील आठवले. मोडी लिहिताना ते असेच आधी कागदभर रेघा ओढत आणि मग त्यांच्याखाली अक्षरे गुंफत जात. ज्याचा हात मोडीत मुरला, तो बाळबोध, म्हणजे देवनागरी, लिहायला बसला तरी आधी रेघ ओढणार. मजकूर बदलता येतो, हाताची सवय बदलत नाही.

मी तरुणाला बोलावून चार ओळी लिहायला लावल्या. तो एकेक शब्द पुरा करी आणि मगच त्याच्या डोक्यावर छोटी रेघ देई, जणू प्रत्येकाला वेगळी टोपी घालतो आहे.

“तुला मोडी येते?”

“नाई साहेब. मोडी वर्गात शिकवत. मी बाहेर वट्ट्यावर बसो. तिथून फळा दिसे, मोडीचा कित्ता दिसे नाई.”

वर्गाबाहेरच्या ज्या ओट्याने त्याला मोडीपासून दूर ठेवले, त्याच ओट्याने त्याला वाचवले. यात कुणी ईश्वरी न्याय पाहील. मला मात्र त्यात बसायला न दिलेली जागाच दिसते.

गावात मोडीत मुरलेला हात एकच होता, गावाचे दप्तर लिहिणारा. दुसऱ्या दिवशी पटवाऱ्याला बोलावले. “तुमची जबानी तुमच्याच हातची असू द्या. कोर्टात वजन पडतं. बाळबोधीत लिहा, कोर्टातल्या साहेबांना मोडी वाचता येत नाही.”

तो खूश झाला. कागद सरळ केला, टाक बुडवला (एवढ्यात शाई आली होती) आणि पहिल्या कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ, सुंदर रेघ ओढली. मग दुसरी. तिसऱ्या रेघेवर मी ते पत्र हळूच शेजारी सरकवले. त्याने दोन्ही कागद पाहिले. टाक खाली ठेवला.

जमादार दारातून म्हणाला, “काहून थांबले पटवारीसाहेब? दोरी तं बांदून झाली, कपडे घाला ना.”

पटवाऱ्याने रेघांचा कागद पालथा घातला. मग म्हणाला, “पाणी बाटलं असतं हो, ठाणेदारसाहेब.”

“म्हणून घासलेट ओतलंत?”

“घासलेट उपसून काढता येते.”

हे वाक्य मी जबानीत जसेच्या तसे घेतले. चाळीस पुस्तके वाचून जे कळले नसते ते त्या चार शब्दांत होते. पुढे खटला उभा राहिला, त्याला शिक्षा झाली आणि वतनाचे काम पुतण्याकडे गेले.

तरुणाला मी स्वतः कोठडीतून बाहेर आणले आणि दाखला लिहून दिला. त्याने तो दोनदा वाचला, घडी केली, रामराम केला नाही आणि निघून गेला. विहीर उपसल्यावर महारवाड्याने घागरी भरल्या. उरलेल्या गावाने लांबून बैलगाडीने पाणी आणायला सुरुवात केली. हा निर्धार पंधरा दिवस टिकला. उन्हाळा त्याहून लांब होता.

जमादाराच्या बक्षिसासाठी मी शिफारस पाठवली. वरून उत्तर आले की सदर इसमास मराठी वाचता येत नसल्याने हस्ताक्षर त्याने ओळखले, हे विश्वसनीय वाटत नाही. जमादार हसला. मी अजून हसू शकलेलो नाही. जे आपल्याला वाचता येते त्याच्यामुळे आपण काय बघत नाही, हे त्याने मला शिकवले, आणि त्या ऋणातून मी मुक्त झालेलो नाही.

या प्रकरणाने आणखी एक गोष्ट शिकवली. समाजात न्याय पोलीस आणत नाहीत. तो घागरी घेऊन निघालेली माणसे आणतात. पोलिसाने फार तर त्यांच्या वाटेत उभे राहू नये. मी तेव्हा उभा राहिलो नाही, याबद्दल आयुष्याचे आभार मानतो.

काही वर्षांनी माझी अकोल्याला बदली झाली. एका जत्रेच्या बंदोबस्तानंतर एक मास्तर ठाण्यात आला, सरळ आत येऊन खुर्चीवर बसला. मी ओळखले. चहा मागवला, आणि या खेपेस ‘तुम्ही’ म्हणालो. पूर्वी त्याच्या वस्तीतली माणसे ठाण्याचा उंबरठा ओलांडत नसत. हा माणूस विश्वासाने कागद घेऊन आला होता. मला भरून आले.

त्याने कागद पुढे केला. ती माझ्याविरुद्ध तक्रार होती. जत्रेतल्या पाणपोईवर ठाणेदाराने शांतता राखण्यासाठी म्हणून त्याच्या समाजाची रांग वेगळी लावली, असे तीत लिहिले होते. त्याने चहा घेतला आणि तक्रारीची पोच मागितली.

मी पोच दिली. तक्रार खरी होती. मला लेखी ताकीद मिळाली.