बिनपाण्याची नाव

मी भिलाईत वल्हवायला शिकलो असं सांगितलं की लोक विचारतात, कोणत्या नदीत? नदीत नाही. शिवनाथच्या पाण्यात मी आजवर घोट्याच्या वर गेलेलो नाही. माझी नाव पत्र्याच्या शेडमध्ये होती, सिमेंटच्या जमिनीला बोल्टांनी आवळलेली.

नाव म्हणजे काय, लोखंडी अँगलच्या दोन पट्ट्या. त्यांवर बेअरिंगच्या चाकांनी पुढं-मागं सरकणारी एक लाकडी बैठक, पाय अडकवायला चामड्याचे पट्टे, आणि हातात धरायला आडवा दांडा. दांडा ओढला की तेलाच्या सिलिंडरमधला दट्ट्या मागं यायचा, आणि तो असा जड की नवा माणूस दहा-पंधरा ओढींत उठून उभा राहायचा. गॅस रेस्क्यूच्या पोरांना शिकवायला जो रशियन उस्ताद आला होता, त्यानं वर्कशॉपमधून ती बनवून घेतली होती. तरुणपणी त्याच्या गावच्या नदीत तो शर्यतीच्या नावा वल्हवायचा. पोलादाचा प्लांट तेव्हा अर्धा उभा, अर्धा उभारणीत होता. पोरं त्या यंत्राला सूखी नाव म्हणत.

रेस्क्यूचं काम थोडक्यात सांगतो. भट्टीच्या गॅसला रंग नसतो, वास नसतो. त्यात सापडलेला माणूस झोप लागल्यासारखा बसल्या जागी पडतो. त्याला बाहेर काढायला जे आत जातात त्यांच्या पाठीवर ऑक्सिजनचं यंत्र असतं, तोंडात रबराची नळी आणि नाकाला चिमटा. सिलिंडरमध्ये हवा मोजकीच. जो धापा टाकतो त्याची लवकर संपते, जो दम राखतो त्याला पुरते. छातीजवळ एक घड्याळ लटकतं, त्याचा काटा किती उरली ते सांगतो.

मी तेव्हा प्रयोगशाळेत होतो. बी.एस्सी., केमिस्ट्री. आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी कॉलेजचं फाटक पाहिलेलं नव्हतं, आणि हे मी तेव्हाही छाती काढून सांगायचो, आताही सांगतो. पण प्रयोगशाळेत गॅस माझ्याकडे बाटलीतून यायचा. मला तो जिथं असतो तिथं जायचं होतं. रेस्क्यूच्या एका तुकडीला प्रमुख हवा होता आणि तो विज्ञान शिकलेला हवा होता. मी अर्ज केला.

पहिल्या परीक्षेत मी नापास झालो. परीक्षा अशी होती की यंत्र पाठीवर घेऊन ठरलेला वेळ सूखी नाव ओढायची, आणि तिथून तसंच उठून धुराच्या खोलीत जायचं. तिथला रेती भरलेला बॉयलर सूट जिन्यावरून वर न्यायचा आणि खाली आणायचा. त्या रेतीच्या माणसाला सगळे जावई म्हणत, कारण तो स्वतः काही करत नसे आणि त्याला सांभाळूनच न्यावं लागे. मी नाव अशी ओढली की शेड हादरली. पदवीवाल्याला जोर नसतो असं कुणी म्हणायला नको ना! जिन्याच्या मधल्या पायरीवर हवा संपत आली, मी खिडकीशी धावलो आणि नळी तोंडातून काढली. जावई पायरीवर पडून राहिला.

जावयाचे पाय धरणारा दुसरा माणूस एक फिटर होता, तुमसरकडचा, शेतकऱ्याच्या घरचा. तो रेस्क्यूत आधीच पास झालेला. गावात त्यांच्या विहिरीवर माझी बादली चालली नसती. इथं माझ्या सिलिंडरचा नट तो आवळायचा आणि त्याचा मी. बाहेर येऊन त्यानं नाकाचा चिमटा काढला आणि पहिलं वाक्य बोलला,

"का बे ग्रॅज्युएट, जावयाले अर्ध्या रस्त्यात सोडून पयाला? पोरगी वापस धाडन ना तो!"

उस्ताद हसला नाही. त्याला हिंदीचे थोडेच शब्द येत, पण ते नेमके येत. म्हणाला, "ताकत है. दिमाग है. ब्रेक नहीं है." एक संधी आणखी मिळेल, आणि नाही जमलं तर प्रयोगशाळा.

दुसऱ्या दिवसापासून ड्यूटी सुटली की मी सायकल क्वार्टरकडे न वळवता शेडकडे न्यायला लागलो.

उस्तादानं मला आधी फक्त ओढ संपल्यावर परत यायला शिकवलं. मी ओढत होतो पायांनी, पाठीनं, हातांनी, सगळं एकदम, आणि तितक्याच घाईनं पुढं येत होतो. तो बैठक मागून धरून ठेवायचा. आधी पाय, मग पाठ, शेवटी हात. परत येताना उलटं, आणि सावकाश. "आना आराम है," तो म्हणायचा. ओढताना श्वास बाहेर, येताना आत. हातातल्या पान्यानं तो शेडच्या पाइपवर ताल द्यायचा. टण् झालं की ओढायचं, पुढच्या टण्‌पर्यंत रांगेतल्या माणसासारखं निवांत सरकत यायचं.

माझं शिकलेलं डोकं मी इथं वापरलं, हे लपवणार नाही. यंत्र पाठीवर घेऊन मी एक दिवस भराभर ओढलं आणि काटा किती उतरला ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी तितकंच काम कमी ओढींत केलं, पण प्रत्येक ओढ पुरी, पायांच्या टाचांपासून. काटा पुष्कळ वर राहिला. म्हणजे हवा जोर लावल्यानं जितकी जात नव्हती, तितकी घाईनं जात होती. हे कळल्यावर मला त्या नावेचा राग येणं थांबलं.

त्यानंतरची कसरत तीन तऱ्हेची होती. कधी लांबचं, एकाच संथ चालीनं, पाय भरून येईपर्यंत. कधी थोडा वेळ जीव खाऊन आणि मग तेवढाच वेळ हळू, पुन्हा जीव खाऊन. आणि तिसरी तऱ्हा, जिचा मला वैताग यायचा, ती नळी तोंडात घेऊन. चाल वाढवायची नाही, कमी करायची नाही. उस्ताद पाठ करून उभा राहायचा आणि नुसत्या चाकांच्या आवाजावरून सांगायचा, "अभी डर गया." आणि खरंच, तेव्हा आतली हवा गरम झालेली असायची, लाळ हनुवटीवर उतरलेली असायची आणि मनात यायचं की नळी फेकावी. हाताला फोड आले, फुटले, तिथं कातडी जाड झाली.

याच दिवसांत गावाहून बाप आला. मँगनीजच्या खाणीत त्यानं उमर काढली होती. मी कॉलेजात असताना त्यानं नागपूरला जाऊन दीक्षा घेतली आणि परत आल्यावर घरात एकच हुकूम सोडला, पोराच्या डोक्यावर टोपलं दिसलं नाही पाहिजे. सेक्टर दोनमधल्या माझ्या क्वार्टरात पंखा आणि नळ पाहून तो खूश होता. मग त्यानं माझे तळहात पाहिले.

"हे काय होय?"

मी सांगितलं.

"इतका शिकला अन् नाव वल्हवून राहिला? ते बी बिनपाण्याची?"

"परीक्षा आहे, बाबा. पास झालो तर तुकडीचा हेड होतो."

"खुर्ची भेटते का?"

"नाही. गॅसमंदी जा लागते."

तो म्हणाला, "मी पाठीनं कमावलं, तुले डोक्यानं कमवाले शिकवलं. तू डोकं घेऊन तिकडंच जाऊन राहिला, जिथून मी तुले काढलं. कावून?"

मी खूप समजावलं, की हे ओझ्याचं काम नाही, इथं डोकं नसलेला माणूस मरतो. त्यानं ऐकून घेतलं. पण गावी लोक विचारतील तेव्हा काय सांगू, हे त्याचं तोंडातल्या तोंडात चालूच राहिलं. परीक्षेच्या दिवशी सकाळी त्यानं आपली पिशवी भरून दाराशी ठेवली. दुपारच्या गाडीनं जाईन, म्हणाला.

शेडमध्ये मी बैठकीवर बसलो, पट्टे आवळले, फिटरनं माझा नट तपासला. "जावई वाट पाहून राहिला," एवढं बोलून त्यानं स्वतःची नळी तोंडात घातली. तो माणूस फक्त तेवढ्यापुरता गप्प बसायचा.

उस्तादानं पाइपवर ताल धरला. मी ओढायला लागलो. पाय, पाठ, हात. हात, पाठ, पाय. अर्धा वेळ उत्तम गेला. मग पान्याचा आवाज जवळजवळ यायला लागला. आधी वाटलं, माझ्याच कानांत काहीतरी झालं. पण नाही, तो ताल वाढवत होता. टण्, टण्, टण्. इतके दिवस मी त्या आवाजावर चाललो होतो, अंगाला तीच सवय. दोन ओढी मी त्याच्या मागं धावलोही. बाजूला फिटर हातानं खुणा करत होता, चल चल, जोरात. मी उस्तादाकडे पाहिलं, तर तो खिडकीबाहेर बघत होता.

तोंडात नळी, विचारायची सोय नाही. हा हुकूम असेल तर न पाळल्याबद्दल मी नापास, आणि पाळला तर जिन्यावर नापास. मी छातीजवळच्या काट्याकडे पाहिलं. त्या दोन ओढींतच श्वास तुटक व्हायला लागला होता. जिना अजून बाकी होता, जावई बाकी होता. मी ठरवलं, टण्‌टण् त्याची, नाव माझी. पाय ताणून ओढ पुरी केली आणि परत येताना मुद्दाम सावकाश आलो. पान्यानं पाइप ठोकून ठोकून शेड डोक्यावर घेतली. मी माझ्या चालीनं, अंग पुढं जातंय, मागं येतंय, बस.

शिट्टी झाली. उठलो तेव्हा श्वास माझा होता. धुराच्या खोलीत मी जावयाच्या काखेत हात घातले, फिटरनं पाय धरले. मधल्या पायरीवर त्यानं घाई केली तेव्हा मी थांबलो, आणि मी थांबलो म्हणून त्याला थांबावं लागलं. वर नेलं, खाली आणलं, दाराबाहेर ठेवलं.

उस्तादानं माझा काटा पाहिला. तो अजून बराच वर होता. "अंदर सब चिल्लाएगा," तो म्हणाला, "जल्दी, जल्दी. लीडर नहीं सुनेगा." मग माझ्या पाठीवर अशी थाप मारली की यंत्राचा बकल रुतला.

"अन् म्या इतक्या खुणा केल्या," फिटर म्हणाला, "पाह्यलं बी नाई माह्याकडं! आत्ताच इतका भाव, हेड झाल्यावर का करशील बे?"

मी क्वार्टरवर आलो तेव्हा बाप पायांत वहाणा घालून ओट्यावर बसला होता, पिशवी मांडीवर.

"झाला?"

"झालो."

"मंग आता का सांगू लोकायले?"

"सांग, जिथं कोणी जात नाही तिथं पोरगा जाते, अन् माणूस घेऊन वापस येते."

त्यानं माझा उजवा तळहात ओढून घेतला आणि अंगठ्यानं जाड कातडी दाबून पाहिली, खाणीत आपली पाहत असेल तशी.

"वापस येते," तो म्हणाला, "हे पयले सांगीन. बाकीचं मंग."

आणि गाडीची वेळ झाली होती तरी त्यानं वहाणा काढून ओट्याखाली ठेवल्या.