वजा केलेल्या खिडक्या

आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट मी. फुशारकी वाटली तर वाटू दे. वसईजवळच्या उमेळ्यातली आमची आळी खाडीकडची भातशेती करणाऱ्यांची, आणि त्या आळीत मुलगी बी.कॉम. झाली ही गोष्ट माझ्या बाबांनी मिठाईवाल्यापासून लोखंडवाल्यापर्यंत सगळ्यांना सांगितली होती. बाबा स्वतः चौथीपर्यंत शिकलेले. सही करायचे ती एकेक अक्षर सुटं, मध्ये श्वास घेऊन.

आजूबाजूच्या वाड्या जाऊन बिल्डिंगी उभ्या राहायला लागल्या, तसं बाबांनी शेती सांभाळून पत्र्याचं काम धरलं. छपराचे पत्रे नव्हे, भिंतीचे. वसई-विरारला त्या दिवसांत घाईघाईने बांधलेल्या चार माळ्यांच्या इमारतींची पश्चिमेकडची भिंत दोन पावसाळ्यांत पाणी प्यायची. आतल्या खोलीत रंगाचे पापुद्रे सुटायचे, कपाटातल्या साड्यांना वास यायचा. मग सोसायटी त्या भिंतीला बाहेरून लोखंडी अँगलचा सांगाडा ठोकून घ्यायची आणि वरपासून खालपर्यंत पत्रे मारून घ्यायची. त्या बाजूने बिल्डिंग गोदामासारखी दिसे, पण आत माणसं कोरडी झोपत.

बाबांचं बिल म्हणजे कॅलेंडरच्या पानामागे एक ओळ: पत्रे मारले, सामान व मजुरी मिळून अमुक. बिल्डरशी व्यवहार होता तोवर ते चाललं. पुढे सोसायट्या झाल्या. कमिटीवर कोकणातून, देशावरून आलेली नोकरदार मंडळी बसली. दिवसभर कचेरीत फायली बघणारी ती माणसं रविवारी आमचं बिल बघत आणि परत पाठवत. एकदा सहा महिने चेक अडकला. तेव्हा मी शेवटच्या वर्षाला होते. मी कार्बन घालून नवं बिल लिहिलं, आठवड्यात चेक आला. झालं! त्या दिवसापासून ओटीवरचं घडीचं टेबल माझं झालं.

मी बिल कसं लिहायची ते सांगते, कारण मला त्याचा अजून अभिमान आहे. सेक्रेटरीच्या तोंडात प्रश्न यायच्या आधी कागदावर उत्तर पाहिजे. कुठल्या बाजूची भिंत, उंची किती, रुंदी किती. पत्रे किती आणि भिंतीच्या मापापेक्षा जास्त का, तर एका पत्र्यावर दुसरा चढवावा लागतो म्हणून. अँगल किती फूट. बांबूची परांची वेगळी. आणि खाली, या कामात काय धरलेलं नाही: प्लास्टर नाही, रंग नाही, आतली डागडुजी नाही. बाबा ते बिल देण्याआधी खिशात घालून दोन दिवस फिरत. कोणी भेटलं की काढून दाखवत.

"वाच. कुटं अडतंय काय, बग," म्हणत.

मी बी.कॉम. झाले त्याच्या पुढच्या एप्रिलात मला अंधेरीच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीचं पत्र आलं. हिशेब खात्यात, एक जूनपासून. बाबांनी पत्रावर ओळीओळीने बोट फिरवलं.

"चांगलं हाय, बाय," ते म्हणाले. "पन मे मयना आपल्या कामाचा. चंदनसारच्या सोसायटीचं काम होऊ दे, त्याचं बिल कर, मग जा."

बिल मीच करणार हे ठरलेलंच होतं. घरात दुसरं कोण होतं? आईला अक्षरओळख नाही. काका बाबांबरोबर परांचीवर चढायचे, पण लिहायचं नाव काढलं की त्यांना खोकला यायचा. मी ठीक आहे म्हटलं. एक बिल, एवढाच प्रश्न होता.

चंदनसारचं काम मेच्या तिसऱ्या आठवड्यात संपलं. बाबा त्या दिवशी राजोडीला एका बंगल्याच्या शेडवर होते आणि सेक्रेटरीचा निरोप आला की कमिटी संध्याकाळी बसतेय, बिल आजच द्या. एरवी माप बाबा घेत. ते मला आकडा सांगत, मी लिहीत असे. या वेळी मीच टेप घेऊन गेले. एक कामगार गच्चीवरून टेप सोडत होता, मी खाली उभी राहून वाचत होते. आणि तेव्हा मला प्रथमच त्या भिंतीतल्या खिडक्या दिसल्या. म्हणजे आधीही दिसल्या असतील, पण मापाच्या नजरेने नाही. वीस खिडक्या.

माझ्या डोक्यात लख्ख आलं: जिथे पत्राच नाही तिथले पैसे कसे लावायचे? कमिटी पकडणार. मी वीसही खिडक्यांचं माप घेतलं, सोसायटीच्या पायरीवर बसून गुणाकार केले आणि बिलात स्वच्छ लिहिलं: खिडक्या वीस, वजा. त्या ओळीखाली रेघही मारली. सेक्रेटरी साताऱ्याकडचे, सरकारी कचेरीत नोकरीला. त्यांनी चष्मा वर करून बिल वाचलं.

"ताई, हे बिल आहे की भूमितीचा पेपर?" ते हसले. "खिडक्यासुद्धा वजा केल्यात! असा कॉन्ट्रॅक्टर आम्हाला पहिल्यांदाच भेटला हो." आणि तिथेच त्यांनी कोपऱ्यात मंजुरीची सही केली.

मी घरी उड्या मारत आले म्हटलं तरी चालेल. रात्री जेवण झाल्यावर बाबा म्हणाले, "वाच." मी कार्बनची प्रत वाचायला घेतली. खिडक्यांच्या ओळीला आले तसा त्यांनी हात वर केला.

"परत वाच."

मी परत वाचलं.

"खिडकी वजा नाय करत, बाय," ते हळूच म्हणाले. "खिडकी आली का पत्रा कापावा लागतो. चारी बाजूला पट्टी मारावी लागते, नायतर पानी आत. एका खिडकीला मानूस अर्धा दिवस लटकतो. तुकडा उरतो तो भंगार. म्हनून माप आक्ख्या भिंतीचं घेतात. सगळेच घेतात."

"मला कोणी सांगितलं नाही," मी म्हटलं.

"मी कवा सांगनार? मी आकडाच सांगायचो."

काका भिंतीला टेकून बसले होते. "कॉलेजात खिडक्या नव्हत्या वाटतं!" ते म्हणाले.

"तू गप रे," बाबा त्यांच्यावर ओरडले. आईने ताटं उचलली. त्या कामात बाबांना जे सुटणार होतं ते सगळं वीस खिडक्यांतून गेलं होतं, आणि कामगारांची मजुरी आता घरातून द्यायची होती, हे मला हिशेब न मांडताही कळत होतं.

मी म्हटलं, "उद्या सकाळीच जाते. चूक झाली म्हणून सांगते, दुसरं बिल देते. सेक्रेटरी समजूतदार आहेत."

तेव्हा बाबा चिडले. माझ्यावर ते क्वचितच चिडत. "माज्या पोरीनं लिवलेलं चुकलंय, असं मी तिकडं जाऊन बोलू? एवडी कॉलेजात घालून? लिवलं ते लिवलं. तोच चेक घ्यायचा."

त्यांनी तोच चेक घेतला. मजुरी देण्यासाठी अँगल जोडायचं नवं वेल्डिंग मशीन विकलं आणि पुढचं वर्षभर भाड्याच्या मशीनवर काम केलं. मला एका शब्दाने बोलले नाहीत. उलट त्याच बिलाची प्रत खिशात घेऊन फिरले. लोकांना दाखवत राहिले.

एक जून जवळ आला. कोणी मला थांब म्हटलं नाही, हे मला नीट सांगायला हवं. दार सताड उघडं होतं. बाबा एकदाही म्हणाले नाहीत की अंधेरीला जाऊ नको. ते म्हणाले असते तर मी भांडले असते. भांडायला मला येतं. पण ते भाड्याचं मशीन खांद्यावर घेऊन सकाळी निघत, आणि मी साडीला इस्त्री करून नव्या पर्समध्ये रेल्वेचा पास ठेवायचा? एकतीस मेला मी वसई रोडच्या पीसीओवरून अंधेरीला फोन केला आणि घरची अडचण आहे म्हणून सांगितलं. पलीकडची बाई म्हणाली, "ठीक आहे, दुसऱ्यांना बोलवतो." एवढंच. एका नाण्यात संपलं.

मग माझं ते टेबल आणि मी. आमच्याकडे टेबलाच्या वर जुना पंखा होता, त्याने कागद उडायचे म्हणून तो बंद ठेवून मी लिहायची. पाठीवरून घामाची धार जायची. बाहेर आळीतल्या बायका विचारायच्या, "काय गं, नोकरी लागली नाय?" आई परस्पर सांगायची, "लागलीय की, घरातच." तिला ते चांगलं वाटायचं. माझ्याबरोबरच्या मुली सकाळी स्टेशनला जाताना दिसायच्या, हात करायच्या. मी बिलात डोकं घालायची.

त्यात चंदनसारचं बिल गावभर झालेलं. पुढच्या उन्हाळ्यात जी सोसायटी येई ती विचारी, "तुम्ही खिडक्या वजा करता ना?" माझा स्पष्टपणा माझ्याच अंगावर आला होता. तेव्हा मी एक गोष्ट केली. काम सुरू व्हायच्या आधीच द्यायचा एक कागद तयार केला. त्यावर भिंतीचं चित्र, चित्रात खिडक्या मोजून, आणि खाली दोन वेगळ्या ओळी. एक ओळ भिंतीच्या मापाची, खिडक्या वजा करून. दुसरी ओळ खिडकीभोवतीच्या कापकामाची आणि पट्टीची, फुटाच्या भावाने. काय भांडायचं ते लोक आता आधी भांडत, काम झाल्यावर नाही. बाबांना ते पटायला वेळ लागला.

"एवडं उगडं करून सांगायचं?" ते म्हणाले.

"सांगितलं नाही म्हणून काय झालं ते पाहिलंत ना," मी म्हटलं. आणि मला लगेच वाईट वाटलं.

त्याच उन्हाळ्यात चंदनसारचे सेक्रेटरी स्वतः आमच्या ओटीवर आले. दुसऱ्या विंगची भिंत करायची होती. बाबा कामावर होते. मी त्यांना नवा कागद दिला. ते बराच वेळ त्या दुसऱ्या ओळीवर थांबले.

"ताई, ही कापकामाची ओळ मागच्या वेळी नव्हती."

मी तेव्हा काहीही सांगू शकले असते. भाव वाढले, नवीन पद्धत आली. पण वर्षभर त्या टेबलाशी बसून मला खोटं सांगण्याचाही कंटाळा आला होता.

"मागच्या वेळी माझी चूक झाली," मी म्हटलं. "काम तेवढंच होतं, मी लिहिलं नाही."

"मग तेव्हाच का नाही आलात सांगायला?"

"बाबांनी येऊ दिलं नाही. मी लिहिलेलं चुकतं असं त्यांना कोणाला कळू द्यायचं नव्हतं."

ते कागदाची घडी घालत राहिले. मग म्हणाले, "मागच्या कामाचं राहिलेलं कमिटीपुढे ठेवतो. आमची भिंत कोरडी आहे, त्यावर कोणी नाही म्हणेल असं वाटत नाही. पण बिल लागेल हं. काय राहिलं, का राहिलं, लिहून द्या. तुमच्यासारखं."

पंधरा दिवसांनी निरोप आला: बिल पाठवा. बाबांना सगळं सांगणं भाग होतं. मी सांगितलं. ते उठून मागीलदारी गेले. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. आई मध्येच येऊन म्हणाली, "कशाला गं लोकांना सांगितलंस?" मी म्हटलं, "कारण खरं होतं." तिसऱ्या दिवशी रविवार होता. दुपारी मी बिल लिहून बाबांपुढे ठेवलं.

"वाच," ते म्हणाले.

मी वाचलं: मागील कामात वीस खिडक्यांभोवतीचं कापकाम व पट्ट्या. हे काम झालेलं असून बिलात चुकून लिहायचं राहिलं.

"चुकून कोनाच्या हातून, ते नाय लिवलंस."

"लिहू?"

त्यांनी बिल स्वतःकडे ओढलं, अक्षरांवरून बोट फिरवलं. 'चुकून'वर ते बोट थांबलेलं मी पाहिलं. "नको," ते म्हणाले. "खाली सही माजी हाय. वाचनारा चूक माजीच समजंल." आणि त्यांनी सही केली. नेहमीसारखी, एकेक अक्षर सुटं.

पेन ठेवून त्यांनी विचारलं, "त्या अंधेरीवाल्यांचं काय झालं?"

वर्षभरात पहिल्यांदा विचारत होते.

"गेलं ते. दुसऱ्या कोणाला घेतलं."

"मंग दुसरं बग," ते म्हणाले. "हितं माजं काय ते मी बगीन."

खरं सांगायचं तर मला आनंदही झाला नाही. इतके दिवस ज्याची वाट पाहिली ते मिळाल्यावर कुठून सुरुवात करायची तेच सुचेना. दुसरी नोकरी मिळायला पुढे सव्वा वर्ष गेलं आणि तोवर मी त्याच टेबलाशी बसून बिलं लिहिली, पंखा बंद ठेवून.

त्या दुपारी मात्र मी बिल न्यायला हात पुढे केला, तसा बाबांनी कागद मागे घेतला. पायजमा बदलून ते पँट घालून आले. केसाला पाणी लावलं. बिल दोनदा दुमडून शर्टाच्या खिशात ठेवलं आणि चंदनसारला जायला स्वतः निघाले. जाताना मला म्हणाले, "मीच देतो. काय विचारलं तर मला सांगता येईल."