करवंटीच्या कोळशावरचा रेडिओ

बांगलादेशाची लढाई लागली तेव्हा आमचे हे फौजेत होते. महिन्यापासून पत्र नव्हतं. बातमी कळायची ती घरातल्या एकुलत्या रेडिओवर, आणि नेमके तेव्हाच त्याचे सेल संपले. दीर राहुरीला दुकानं फिरून आले, कुठंच सेल नाहीत. जुने उन्हात ठेवून पाहिले. तेही दोन दिवस कुरकुरले आणि बसले.

दीर शाळेत विज्ञान शिकवायचे. म्हणाले, "वहिनी, करवंट्या टाकू नका. सेल घरीच करू."

आधी चुलीतल्या कोळशाची पूड वापरली, तर रेडिओ मुका. मग त्यांच्या ध्यानात आलं, चुलीचा जाळ कमी पडतोय. करवंट्या मडक्यात भरल्या, तोंड चिखलानं लिंपलं आणि लोहाराच्या भट्टीत लाल होईस्तोवर तापवलं. त्या कोळशाची पूड फडक्याच्या पुरचुंडीत, मधोमध जुन्या सेलाची काळी कांडी, शेजारी जस्ताची पट्टी, आणि हे सगळं कपात, मिठाच्या पाण्यात. असे आठ कप लागणार. पाहुण्यांसाठी जपलेले होते हो माझे!

दीर कप मांडायला बसले, तर पुडीचा डबा अर्धा रिकामा. सासूबाई मोरीपाशी त्याच पुडीनं दात घासत होत्या. शेजारणीलाही वाटीभर देऊन झाली होती.

"आई, अगं ती रेडिओची हाय!"

"रेडिओला दात हायेत व्हय रं?"

हसू आलं, पण पुन्हा भट्टी लावण्यात दोन दिवस गेले. ते मी कसे काढले, माझं मला ठाऊक.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी रेडिओ बोलला. आवाज इतका बारीक की दिरांनी कानच चिकटवला. "लढाई थांबली," ते म्हणाले. तेवढ्यात आवाज गेला.

सासूबाईंनी विचारलं, "माझ्या लेकाचं नाव घेतलं का?"

दिरांनी एका कपातली पट्टी सरळ केली. मग म्हणाले, "घेतलं, आई. सुखरूप हाय म्हणले."

रेडिओवर एकेका जवानाचं नाव कुणी घेत नाही, एवढं मला कळत होतं. सासूबाईंनी आळीत साखर वाटली, माझ्याही हातावर ठेवली. काय करणार? खाल्ली.

यांचं पत्र यायला आणखी महिना लागला. तोवर दीर आणि मी जेवणखाणापलीकडं एकमेकांशी बोललो नाही. सासूबाई मात्र निर्धास्त होत्या.