रोबोटवाल्यांचा बाक

मुंबईचा डॉक्टर महिन्यातून एकदा रत्नागिरीत तपासायला येतो. त्या दिवशी बाहेरच्या बाकावर आम्ही रोबोटने ऑपरेशन झालेले बसतो. सगळ्यांना एकच रोग, गुदाशयाचा कॅन्सर. घरी त्याचं नाव काढता येत नाही, म्हणून बाकावर बोलतो. किस्से साठतात. हसू येतंच असं नाही.

मी मासेमारी बोटीवर तांडेल, म्हणजे कप्तान होतो. शिक्षण चौथी. ऑपरेशनच्या सकाळी नारळ घेऊन गेलो. नव्या इंजिनापुढे नारळ फोडल्याशिवाय आम्ही बोट सोडत नाही. सिस्टर ओरडली, ''आजोबा, इथे नारळ नाही फोडायचा!''

मी म्हटलं, ''मग मशीन बंद पडलं तर मला सांगू नका.''

*

लांज्याच्या एकासाठी गावच्या देवळात गाऱ्हाणं घातलं. गुरव म्हणाला, ''डॉक्टरच्या हाताक यश दे रे म्हाराजा!'' पेशंटचा पुतण्या मध्येच म्हणाला, ''डॉक्टर लांब बसतो. हात मशीनचे.''

गुरवाने सुधारून घेतलं. ''मशीनच्या चारही हातांक यश दे रे म्हाराजा!''

जमलेले ओरडले, ''व्हय म्हाराजा!''

ऑपरेशन उत्तम झालं. माणूस पंधराव्या दिवशी न्यूमोनियाने गेला.

*

दाभोळचा अब्बास आखातात क्रेन चालवायचा. डॉक्टरने त्याला सगळं समजावलं. अब्बासने एवढंच विचारलं, ''खाली उभं राहून इशारा कोण करतो?''

''माझा असिस्टंट असतो ना पेशंटजवळ.''

''मग बरं. वर बसलेल्याला वाटतं सगळं दिसतंय. दिसत नसतं!''

*

अब्बासच्या आणि माझ्या, दोघांच्याही पोटावर पिशवी लावली. शौच तिच्यात. तीन महिन्यांनी पिशवी काढून भोक बंद करू, म्हणाले. आम्ही दिवस ढकलत राहिलो. पिशवी वाटेल तेव्हा आवाज करते. मी बंदरावर जायचं सोडलं. अब्बासने मशिदीत जायचं सोडलं.

त्याची नात विचारते, ''दादा, पोटात कोण बोलतंय?''

''रोबोट आतच राहिलाय!''

*

गेल्या महिन्यात तीन महिने भरले. आधी मला आत बोलावलं. आतड्याचा सांधा धरला नाही. पिशवी कायमची. मी बाहेर येऊन बसलो. मग अब्बास आत गेला. लवकर आला.

मी विचारलं, ''तुझी तरी बंद होणार ना?''

''नाही, तांडेल. रोग लिव्हरात गेलाय. आता बंद करण्यात अर्थ नाही, म्हणाला.''

मग त्याने थैलीतून पिशव्यांचा नवाकोरा खोका काढला.

''आपली साइज एकच ना?''

''एकच.''

त्याने खोका माझ्या मांडीवर ठेवला.

''घरी एक आहे. मला तेवढा पुरेल.''