धुऱ्यापलीकडची जागा

आत्याला वसईला कायमची घेऊन यायचं, असं ठरवूनच मी पुलगावला उतरले. परतीची तिकिटंही दोघींची काढली होती. आमच्या घरात मी ठरवलं की ठरलं. पण आत्याचा हेका माझ्याहून जुना, हे विसरले.

स्टेशनबाहेर तर्री-पोहे (झणझणीत रस्सा घातलेले पोहे) खाल्ले आणि डोळ्यांतून पाणी आलं. त्यात एसटीने भलत्याच फाट्यावर उतरवलं. पुढे काळ्या मातीची वाट, दोन्हीकडे फुटलेला कापूस. मागून एक बंडी (बैलगाडी) आली. हाकणारे नामदेवभाऊ आत्याचे शेजारीच निघाले.

"मावशीले न्यायले आल्या का?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले. मग गाव येईपर्यंत ते बैलांशीच बोलले.

आत्याचं चर्च गावाच्या टोकाला आहे. रेल्वेचे रूळ टाकायला तमीळ मुलखातून आलेली काही कुटुंबं इथल्या जिनिंगमध्ये (सरकी काढायच्या कारखान्यात) कामाला लागली, रुजली आणि त्यांनी ते आपल्या हातांनी बांधलं. आढ्याला रुळांखालचे जुने स्लीपर, वर कवेलू (कौलं). पुढे जिनिंग बंद पडलं, पोरं नागपूरला गेली, फादर महिन्यातून एकदा येऊ लागले आणि शेवटी धर्मग्रामच (पॅरिश) बंद झाला. घंटा नि बाकं दुसऱ्या चर्चने नेली.

उरली आत्या. तिचे यजमान, आमचे आंतोनकाका, त्याच तमीळ कुटुंबांतले, त्याच जिनिंगमध्ये फिटर होते. रोज संध्याकाळी कुलूप लावलेल्या दारासमोर बसून ती एकटी रोझरी (जपमाळेची प्रार्थना) म्हणते. ते पाहून मला भडभडून आलं.

दुसऱ्या दिवशी जेवायला अंबाडीची भाजी, ज्वारीची भाकर आणि सासूने शिकवलेलं रसम होतं. मी विषय काढला.

"मी काऊन येऊ?" इतक्या वर्षांत आत्याची बोली पार वऱ्हाडी झाली आहे. "तुहे काका इथं हायेत."

"पण दफनभूमी भरलीय, आत्या. काकांची कबर शेवटची. तुला कुठे ठेवणार?"

"चाल, दाखवतो तुले."

काकांची कबर अगदी कडेला आहे. तिला लागून धुरा (शेताचा बांध) आणि पलीकडे नामदेवभाऊंचा कापूस. कापसाच्या ओळी सरळ येत होत्या आणि काकांच्या कबरीजवळ थांबत होत्या. माणूस आडवा मावेल एवढी जागा कोरी, स्वच्छ निंदलेली (तण काढलेली). तिच्यापुढे पुन्हा कापूस.

नामदेवभाऊ वेचणी करत होते. मी विचारलं, "इथे का नाही पेरलं?"

"ते मावशीची जागा हाय. दरसाली वखर तिथून वळवतो. बैलाइले बी मालूम झालं."

"आणि फादर नाही मिळाले तर?"

"मावशीनं आमच्याकडून प्रार्थना पाठ करून घेतली हाय."

आत्या वाकून आपल्या जागेतलं तण उपटत होती. आधी मला तिचा राग आला, मग हेवा वाटला. माझ्यासाठी कुणी नांगर वळवील का, असं मनात आलं आणि मी तिच्याबरोबर तण उपटायला बसले.

परतीच्या गाडीत टीसीने तिकीट पाहिलं आणि समोरच्या रिकाम्या बाकाकडे बोट केलं.

"दुसऱ्या बाई कुठे आहेत?"

"घरी," मी म्हणाले. "ही जागा कुणालाही द्या. त्यांना आहे."